डायपोलभोवतीचे कडे

खोडदची दुर्बीण पाहायला गेलेला माणूस आधी डिशच पाहतो. नारायणगावहून पूर्वेकडे वळले की उसाच्या आणि टोमॅटोच्या शिवारांमागून 45 मीटर व्यासाच्या जाळीदार तबकड्या वर येऊ लागतात, आणि एकदा दिसल्या की नजर दुसरीकडे जात नाही. अशा 30 अँटेना. त्यांतल्या 14 मध्यभागी साधारण एक किलोमीटरच्या चौकात, उरलेल्या 16 तीन दिशांना गेलेल्या फाट्यांवर, आणि टोकाच्या अँटेनांमध्ये सुमारे 25 किलोमीटरचे अंतर. गोविंद स्वरूप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात उभारलेल्या या जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोपचे, म्हणजे जीएमआरटीचे, कौतुक बहुधा या तबकड्यांवरून होते. पत्र्याऐवजी बारीक तारेची जाळी, ती जाळी ताणून धरणारे दोर, त्यातून आरपार जाणारा वारा आणि म्हणून कमी झालेले लोखंड. हे कौतुक रास्तच आहे. पण मला त्या जाळीच्या 18.54 मीटर वर, चार पायांच्या टोकाशी जे टांगलेले आहे त्याबद्दल लिहायचे आहे.

तिथे तबकडीची नाभी आहे. आकाशातून आलेली लहर जाळीवर कुठेही पडली तरी परावर्तित होऊन याच ठिकाणी येते. इथे एक फिरता सांगाडा आहे, त्याच्या चार बाजूंवर वेगवेगळ्या वारंवारतांची फीड, म्हणजे ही लहर टिपणाऱ्या लहान अँटेना, बसवलेली आहेत. ज्या वारंवारतेवर निरीक्षण करायचे ते फीड फिरवून तबकडीकडे तोंड करून आणायचे. खालून पाहिले तर हे सगळे एखाद्या डब्याएवढे वाटते. फेब्रुवारीच्या शेवटी विज्ञान दिनाला खोडदला मोठे प्रदर्शन भरते, शाळांच्या गाड्यांच्या रांगा लागतात. अशा ठिकाणी कधी 327 मेगाहर्ट्झचे जुने फीड जमिनीवर पाहायला मिळाले, तर त्याच्यापुढे थांबावे. एक गोल सपाट थाळी. तिच्यावर, साधारण वीतभर उंचीवर, एकमेकांना काटकोनात छेदणारे दोन डायपोल. आणि त्यांच्यापुढे, कशालाही तारेने न जोडलेले, नुसते धरून ठेवलेले एक धातूचे कडे. एवढेच. या रचनेत एकही भाग जास्तीचा नाही, आणि एकही भाग एकच काम करत नाही. भारतात घडलेल्या अँटेनांमध्ये मला हिच्याइतकी वाचनीय दुसरी माहीत नाही.

वाचायला सुरुवात डायपोलपासून करावी. अर्ध्या लहरीएवढी लांब धातूची कांडी, मधोमध कापलेली, आणि त्या फटीला जोडलेली तार. 327 मेगाहर्ट्झला लहर सुमारे 92 सेंटिमीटरची, म्हणजे डायपोल 46 सेंटिमीटरपेक्षा किंचित आखूड. या फटीला फीड पॉइंट म्हणतात. कांडीच्या टोकांशी प्रवाह शून्य असतो आणि विद्युतदाब सर्वाधिक. मधोमध नेमके उलटे. त्या जागी दाब आणि प्रवाह यांचे जे गुणोत्तर असते ते फीड पॉइंटचे इम्पीडन्स. मोकळ्या अवकाशातल्या बारीक अर्ध्या लहरीच्या डायपोलसाठी ते 73 ओहम येते, वर सुमारे 42 ओहमचा रिअॅक्टन्स, म्हणजे ऊर्जा आत-बाहेर झुलवत ठेवणारा हिस्सा. कांडी काही टक्के आखूड केली की हा दुसरा हिस्सा नाहीसा होतो. म्हणून प्रत्यक्षातला डायपोल नेहमी अर्ध्या लहरीपेक्षा जरा कमीच कापतात.

हे 73 ओहम कुठल्याही तारेच्या विरोधाचे नाहीत. तार गरम करण्यात ते खर्च होत नाहीत. डायपोलने ऊर्जा अवकाशात सोडली की फटीपाशी ती ओहमच्या रूपात जाणवते. अँटेना पाठवताना जशी वागते तशीच घेताना वागते, त्यामुळे खोडदला काहीही पाठवले जात नसले तरी अभियंते फीडचा विचार ते पाठवत असल्यासारखाच करतात. आणि एकदा हे ओहम अवकाशाचे आहेत हे लक्षात आले की पुढची गोष्ट आपोआप येते: डायपोलच्या आसपास काहीही ठेवले की ते बदलणार.

हे बदलणे आपण सगळ्यांनी घराच्या छपरावर पाहिलेले आहे. केबल आणि डिश येण्याआधी आंबेगाव-जुन्नरच्या घरांवर दूरदर्शनची जी अॅल्युमिनियमची अँटेना असायची, ती जपानच्या शिंतारो उदा आणि हिदेत्सुगू यागी यांची. सेंदाईच्या विद्यापीठात 1920च्या दशकात जन्मलेली. तिच्या आडव्या दांड्यांपैकी फक्त एकीला वायर जोडलेली असायची, आणि ती एकच दांडी लंबगोल वळवून दुहेरी केलेली असायची. बाकीच्या सरळ. का? मागे थोडी लांब दांडी आणि पुढे थोड्या आखूड दांड्या बसवल्या की अँटेना एका दिशेला झुकते, त्या दिशेने जास्त ऐकते. पण या शेजारणी जवळ आल्या की मूळ डायपोलचे 73 ओहम 20-30वर येतात. ओहम कमी म्हणजे तेवढ्याच ऊर्जेला प्रवाह जास्त, धातूतला व्यय जास्त, आणि वारंवारतेचा पट्टा अरुंद. दांडी दुहेरी केली की प्रवाह दोन वाटांत विभागतो आणि फीड पॉइंटचे इम्पीडन्स चौपट होते. एकट्या डायपोलचे 73 दुहेरी केल्यावर 300च्या जवळ जातात. त्या जुन्या चपट्या दोन तारांच्या वायरचे 300 ओहम तिथून आले. शेजाऱ्यांनी खाली ओढलेले इम्पीडन्स ही वळवलेली दांडी पुन्हा वर उचलते. यागीत सर्वाधिक लाभ मिळवून देणारी मापे आणि पाठीमागचे सर्वांत कमी ऐकू देणारी मापे वेगळी असतात, आणि फीड पॉइंटला सोयीची मापे तिसरीच. म्हणजे छपरावरच्या त्या अँटेनेतही कोणीतरी तिन्हींमधून निवड केलेली होती.

खोडदच्या 150 मेगाहर्ट्झच्या मूळ फीडमध्ये ही दुहेरी दांडी भेटते. तिथे चार फोल्डेड डायपोल चौकोनात मांडले आहेत. त्या मांडणीला बॉक्सिंग रिंग म्हणतात. समोरासमोरची एक जोडी एका ध्रुवणासाठी, दुसरी दुसऱ्यासाठी. कडे नाही. दोन मीटर लांब लहरीला कडे घातले असते तर फीड अवजड झाले असते, म्हणून डायपोलच दोन करून, त्यांच्यातल्या अंतराने किरणाचा आकार साधला आहे. हा मार्गही सुरेख आहे, पण माझे मन 327च्या कड्यातच रमते.

कड्याकडे जाण्यापूर्वी थाळी. डायपोल उघड्यावर असता तर त्याने जितके तबकडीकडे पाहिले असते तितकेच पाठीमागच्या आकाशाकडे. म्हणून मागे धातूची थाळी. थाळीत डायपोलची प्रतिमा तयार होते, तेवढ्याच अंतरावर मागे, उलट्या प्रवाहाची. डायपोल थाळीपासून पाव लहर, म्हणजे साधारण 23 सेंटिमीटर पुढे असेल तर प्रतिमा अर्ध्या लहरीवर पडते आणि दोघांच्या लहरी पुढच्या बाजूला एकमेकींना साथ देतात. याच उंचीवर फीड पॉइंटचा रोध 73वरून 86च्या आसपास चढतो आणि रिअॅक्टन्सही वाढतो. तो पुन्हा कांडी आखूड करून काढावा लागतो. डायपोल थाळीच्या जवळ नेत जा. प्रतिमा जवळ येते, तिचा उलटा प्रवाह मूळ प्रवाहाला खोडू लागतो, रोध झपाट्याने घसरतो आणि शेवटी काही ओहमवर येऊन ठेपतो. अवकाशात जायला ऊर्जेला वाटच उरत नाही. काही सेंटिमीटर इकडेतिकडे झाले की किरणाचा आकार, इम्पीडन्स आणि वापरण्याजोगा पट्टा तिन्ही हलतात. कारागिराला यांतले एकच हलवायची मुभा नसते.

इम्पीडन्स जुळले नाही तर काय होते ते डिंभे धरणाच्या कालव्यावर दिसते. वाहत्या कालव्यात पुढचे दार अचानक खाली सोडले की पाण्याचा फुगवटा दारावर आपटून उलट दिशेला, धरणाकडे, सरकू लागतो. आणि पुढे कालव्याची रुंदी, खोली, उतार तसाच असेल तर पाण्याला पुढे जाताना काही कळतही नाही. फीड पॉइंट आणि त्याच्या पुढची केबल यांच्या इम्पीडन्समध्ये फरक पडला की रेडिओ लहरीचा असाच काही भाग मागे वळतो. 73 ओहमचा डायपोल 50 ओहमच्या तारेला सरळ जोडला तर वळणारी ऊर्जा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. फारशी नाही. गुणोत्तर दोनास एक झाले की मात्र 11 टक्के परत जातात. संदेश पाठवणाऱ्या स्टेशनला हे 11 टक्के जाळू शकतात. ऐकणाऱ्याचे गणित निराळे असते, आणि त्याकडे मी थोड्या वेळाने येतो, कारण 327च्या फीडचे खरे शहाणपण तिथेच उघडते.

आता कडे. डायपोल आणि थाळी यांनी काम भागले असते असे वरकरणी वाटते. भागत नाही, आणि का भागत नाही ते आकड्यांत पाहण्यासारखे आहे. खोडदच्या तबकडीची नाभी व्यासाच्या 0.412 पट उंचीवर आहे. त्यामुळे फीडपासून पाहिले तर तबकडीचा काठ मधल्या अक्षापासून 62.5 अंशांवर दिसतो. फीडने या 62.5 अंशांच्या शंकूत आपली नजर नीट पसरावी, आणि काठाबाहेर शक्य तितकी कमी टाकावी, एवढी अपेक्षा. पाव लहर उंचीचा डायपोल आणि मागे खूप मोठी सपाट थाळी गृहीत धरून हिशेब केला तर डायपोलच्या लांबीच्या दिशेतल्या प्रतलात काठापाशी मधल्याच्या फक्त 6 टक्के ऊर्जा पोहोचते. आडव्या प्रतलात? 44 टक्के. एका दिशेने तबकडीचा काठ जवळजवळ उपाशी राहतो, दुसऱ्या दिशेने नजर काठावरून खाली जमिनीवर सांडते. 45 मीटरची वाटोळी तबकडी बांधायची आणि तिचा लंबगोल तुकडा वापरायचा, असा तो प्रकार होतो. शिवाय दोन प्रतलांतला हा फरक ध्रुवणही बिघडवतो. एका डायपोलचे थोडे दुसऱ्यात मिसळते, आणि पल्सारसारख्या ध्रुवित स्रोतांचा अभ्यास करणाऱ्याला ते महागात पडते.

पेर-सिमॉन किल्डाल या नॉर्वेजियन अभियंत्याने 1980च्या दशकाच्या सुरुवातीला यावर जो उपाय दाखवला तो म्हणजे हे कडे. डायपोलच्या क्षेत्रात ठेवलेल्या कड्यात आपोआप प्रवाह वाहू लागतो. त्याला तार जोडलेली नाही, ऊर्जा दिलेली नाही. डायपोलकडून घेतलेलेच ते परत उत्सर्जित करते. पण कुठल्या दिशेला किती, हे त्याच्या व्यासावर आणि उंचीवर ठरते. व्यास आणि उंची बरोबर साधली की जी दिशा पसरट होती ती आवळली जाते आणि दोन्ही प्रतलांतला आकार जवळजवळ सारखा होतो. लंबगोल ठसा वाटोळा होतो. तबकडीचा काठ चहूबाजूंनी एकसारखा उजळतो.

अर्थात कडे डायपोलच्या इतक्या जवळ आहे म्हटल्यावर ते फीड पॉइंटपाशीही बोलणारच. कड्यातला प्रवाह डायपोलच्या फटीत आपले वजन टाकतो आणि थाळीने चढवलेले, कांडी आखूड करून सरळ केलेले इम्पीडन्स पुन्हा सरकते. थाळीची उंची बदलली तर कड्याचे बिघडते, कड्याचा व्यास बदलला तर डायपोलची लांबी बदलावी लागते. अशा रचनेत मापे एकेक करून ठरवता येत नाहीत. सगळी एकदम, परत परत फिरून, मोजत आणि कापत ठरतात. म्हणून मी या फीडला वाचनीय म्हणतो: त्यातल्या प्रत्येक सेंटिमीटरमागे दुसऱ्या दोन सेंटिमीटरांचे कारण आहे.

याच जागी आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे, जी डोळ्यांना दिसत नाही. डायपोलच्या दोन्ही बाजू सारख्या, केबलची मात्र एक तार आत आणि दुसरी बाहेरचा पडदा. या दोन स्वभावांना जोडायला बलून लागतो. तो बहुधा पाव लहरीच्या लांबीचा असतो, टोकाशी जोडून बंद केलेला. मधल्या वारंवारतेला तो अदृश्य असतो. वारंवारता खाली गेली की डायपोल कपॅसिटरसारखा वागतो, पण नेमका तेव्हाच बंद पाव लहरीचा तुकडा इंडक्टरसारखा वागतो. वर गेली की दोघांचे स्वभाव उलटे होतात. म्हणजे डायपोल जिकडे चुकतो त्याच्या विरुद्ध बाजूला बलून चुकतो, आणि दोघांच्या तारा नीट जुळवल्या तर एकाची चूक दुसरा भरून काढतो. पट्टा रुंद होतो. नुसत्या जोडणीसाठी आणलेला तुकडा अशा रीतीने रुंदीही देऊन जातो. अँटेनाशास्त्रातली ही मला सर्वांत आवडणारी युक्ती आहे. एक पैशाचाही जास्तीचा धातू न घालता, फक्त लांबीचा विचार करून ती साधते.

आता ऐकणाऱ्याचे गणित. दुर्बिणीला मिळणारा संकेत इतका क्षीण असतो की त्याची किंमत त्याच्या स्वतःच्या बळावर ठरत नाही, सोबतच्या गोंगाटाच्या तुलनेत ठरते. रेडिओ खगोलशास्त्रज्ञ हा गोंगाट तापमानात मोजतात. आकाश स्वतःच गोंगाट करते: 150 मेगाहर्ट्झला सुमारे 300 केल्विन, 327ला 40च्या आसपास, 610ला 10, आणि 1420ला जेमतेम 4. या चार आकड्यांमध्ये जीएमआरटीच्या फीडची सगळी कथा दडलेली आहे. 150ला आकाशच इतके तापलेले आहे की फीड पॉइंटपाशी थोडी ऊर्जा मागे वळली तरी संकेत आणि आकाशाचा गोंगाट दोन्ही सारख्याच प्रमाणात कमी होतात. त्यांचे गुणोत्तर फारसे बिघडत नाही. तिथे इम्पीडन्समधली ढिलाई माफ आहे, आणि त्या बदल्यात रुंद पट्टा घेता येतो. 1420ला आकाश थंड आहे. तिथे बलूनमध्ये किंवा केबलमध्ये अर्ध्या डेसिबलचा व्यय झाला तर त्या तुकड्याच्या उष्णतेने एकट्याने सुमारे 35 केल्विन गोंगाट मिसळला जातो, आकाशाच्या कितीतरी पट. म्हणून 1420साठी डायपोल नाहीत. तिथे खाचा पाडलेले कर्णे आहेत. ते बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेने घडवले. तबकडीची जाळी मात्र त्या वारंवारतेला पुरेशी काटेकोर राहत नाही, आणि कार्यक्षमता खालच्या पट्ट्यांतल्या 60-65 टक्क्यांवरून सुमारे 40वर येते.

327 या दोन टोकांच्या मधोमध आहे. इथे आकाश माफही करत नाही आणि पूर्ण गप्पही बसत नाही. फीडच्या नजरेचे पाच टक्के जरी काठावरून जमिनीवर सांडले तरी 300 केल्विनच्या जमिनीकडून 15 केल्विन येतात. 40च्या आकाशापुढे हे दुर्लक्षून चालत नाही. म्हणूनच कडे लागते. काठाला जास्त उजळवले तर तबकडी पूर्ण वापरली जाते पण जमीन जास्त ऐकू येते. काठ अंधारात ठेवला तर जमीन गप्प होते पण 45 मीटरांतले बाहेरचे मीटर वाया जातात. काठाला मधल्याच्या साधारण दहाव्या हिश्शाएवढे ठेवणे हा जुना, अनुभवाने सिद्ध झालेला मध्य.

आणखी एक निवड आहे जी बाहेरून कधीच कळत नाही. फीडच्या मागे लगेच, तिथेच नाभीपाशी, पहिला अॅम्प्लिफायर बसतो. त्याला सर्वाधिक ऊर्जा मिळावी असे इम्पीडन्स एक, आणि त्याने सर्वांत कमी गोंगाट करावा असे इम्पीडन्स दुसरे. दोन्ही क्वचितच एक असतात. पाठवणारा अभियंता पहिल्याच्या मागे धावतो. दुर्बिणीचा अभियंता दुसऱ्याकडे झुकतो, थोडी ऊर्जा मागे वळू देतो आणि त्या बदल्यात शांतता विकत घेतो. म्हणजे फीड पॉइंटवर जे न जुळलेले दिसेल ते कधीकधी मुद्दाम तसे ठेवलेले असते.

मागे वळलेल्या ऊर्जेचे एक मात्र पुरते सुटत नाही. फीड तबकडीच्या मध्यावर नजर टाकते तेव्हा तिथून थोडी लहर सरळ फीडकडेच परतते. 327ला तिचे बळ सुमारे तीन टक्के येते. ही परत आलेली लहर फीड पॉइंटच्या इम्पीडन्सवर चढते, आणि जाऊन-येऊन 37 मीटरांचा प्रवास असल्यामुळे वारंवारतेवर 8 मेगाहर्ट्झच्या अंतराने चढउतार उमटतात. वर्णपटात बारीक रेषा शोधणाऱ्याला या लाटा ओळखून वजा कराव्या लागतात. तबकडी स्वतःच फीडच्या इम्पीडन्सचा भाग आहे, 18 मीटर दूर असूनही. प्रयोगशाळेत आकाशाकडे तोंड करून मोजलेले फीड आणि नाभीत बसवलेले फीड यांत एवढा फरक राहतोच.

खोडदच्या भोवतीचा मुलूख या गणितात आणखी एका बाजूने येतो. ही जागा निवडताना पश्चिमेकडच्या डोंगरांचा आडोसा, शहरांपासूनचे अंतर आणि तरीही पुण्याची जवळीक पाहिली गेली. पण डिंभे, येडगाव, माणिकडोह या कुकडी प्रकल्पातल्या धरणांनी इथली शेती बागायती केली. बागायतीबरोबर मोटारी आल्या, मोटारींबरोबर डीपी आणि तारा. सैल जोडातून किंवा तडकलेल्या चिमणीतून उडणारी ठिणगी नेमकी या खालच्या वारंवारतांवर बोलते. ती रुंद पट्ट्यावर, सगळीकडे ऐकू येते. दुर्बीण चालवणाऱ्या संशोधन केंद्राने अशा ठिणग्या प्रत्यक्ष निरीक्षणाच्या वेळीच ओळखून गाळण्याची यंत्रणा घातली आहे. शेतकऱ्याला पाणी हवे आणि दुर्बिणीला शांतता, आणि हे दोन्ही एकाच तालुक्यात नांदवायचे तर फीडची बाजूची नजर जितकी कमी सांडेल तितके बरे. कडे इथेही उपयोगी पडते.

2010च्या दशकात जीएमआरटीची फीड बदलली. जुन्या यंत्रणेत एका वेळी जास्तीत जास्त 32 मेगाहर्ट्झचा पट्टा घेता येत होता, नव्यात 400पर्यंत. 327च्या जागी 250 ते 500 मेगाहर्ट्झ, म्हणजे दुप्पट वारंवारतेपर्यंतचा सलग पट्टा. वर सांगितलेले सगळे आता पुन्हा वाचून पाहा. 250ला लहर 120 सेंटिमीटरची, 500ला 60ची. पाव लहरीची उंची एका टोकाला 30 सेंटिमीटर, दुसऱ्याला 15. कुठलीही एक उंची दोघांना पुरत नाही. म्हणून सपाट थाळी गेली आणि तिच्या जागी शंकूसारखी पोकळी आली, तिच्यात डायपोल, आणि समोर कडे पुन्हा आहेच. याला कोन-डायपोल म्हणतात. अशा रुंद पट्ट्यासाठी डायपोल जाड घ्यावे लागतात, कारण जाड कांडीत वारंवारतेबरोबर इम्पीडन्स सावकाश बदलते. एकाच वारंवारतेसाठी घडवलेल्या फीडला जो चोख आकार देता येतो तो या सबंध पट्ट्यात देता येत नाही, विशेषतः दोन्ही टोकांना. शिवाय रुंद दार उघडले की त्यातून टीव्ही आणि मोबाइलचे बलवान संकेतही आत येतात. ते रोखायला वेगळे गाळणे लावावे लागतात, आणि प्रत्येक गाळणे आपला थोडा व्यय आणि थोडा गोंगाट घेऊन येते. हे सगळे कबूल करून मी म्हणतो की नवे फीड दुर्बिणीसाठी अधिक चांगले आहे. 327चे जुने फीड मला अधिक आवडते ते त्यातली प्रत्येक गोष्ट एका तर्काने उलगडते म्हणून. नव्यातली मापे संगणकाने असंख्य शक्यता चाळून मिळतात. त्यांच्यामागचे कारण बोटाने दाखवता येत नाही. पण त्यांनी केलेले काम दाखवता येते.

ते काम 550 ते 850 मेगाहर्ट्झच्या नव्या फीडवर सर्वांत स्पष्ट दिसते. हायड्रोजनची रेषा 1420.4 मेगाहर्ट्झची. दूरच्या दीर्घिकांमधून येताना विश्वाच्या प्रसरणाने ती ताणली जाते आणि खालच्या वारंवारतेवर पोहोचते, प्रत्येक दीर्घिकेची वेगळ्या ठिकाणी. ऑक्टोबर 2020 मध्ये केंद्राच्या खगोलशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांसह नेचरमध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात 7,653 दीर्घिकांचे संकेत एकत्र करून त्यांच्यातल्या हायड्रोजनचे सरासरी वस्तुमान मोजले होते. या दीर्घिकांची रेषा 580पासून 816 मेगाहर्ट्झपर्यंत कुठेही पडत होती. एकेकीचा संकेत गोंगाटात पूर्ण बुडालेला. सगळ्या एकत्र केल्यावरच तो वर आला. 32 मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात यांतल्या फारच थोड्या एका वेळी आल्या असत्या. फीड पॉइंटचे इम्पीडन्स या सबंध पट्ट्यात आवरून धरले नसते तर ही बेरीज खोडदला करता आली नसती. हे संशोधन प्रसिद्ध होण्याच्या काही आठवडे आधी, 7 सप्टेंबर 2020 रोजी, गोविंद स्वरूप पुण्यात वारले.

या बदलात एक गोष्ट गेली, आणि तिची नोंद करायलाच हवी. जुन्या 610 मेगाहर्ट्झच्या फीडमध्ये एकात एक बसवलेल्या समाक्ष नळ्या होत्या, त्यामुळे 233 आणि 610 दोन्ही वारंवारता एकाच अँटेनेवर एकाच वेळी ऐकता येत. नव्या रुंद फीडला ती जागा द्यावी लागली. पल्सारचा एकच ठोका दोन वारंवारतांवर एकाच क्षणी पाहायचा असेल तर आता 30 अँटेनांचे गट करतात: काहींची फीड 250-500वर, काहींची 550-850वर वळवतात, आणि दोन्ही गट एकाच ताऱ्याकडे लावतात.